डोळ्यात पाचट लागलं, कुसळ गेलं: पहिल्या तासापासून जखम भरेपर्यंत काय करायचं

दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मराठवाडा-विदर्भात सोयाबीनची मळणी, कोकणात भाताची झोडणी, मग तूर, ज्वारी, गहू. हंगाम सुरू झाला की डोळ्यांच्या ओपीडीत एक ठरावीक पेशंट दिसू लागतो. डोळा लालबुंद, उजेडाकडे बघवत नाही, आणि काळ्या बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. विचारलं की सांगतात, "आठ दिवस झाले पाचट लागून. मेडिकलमधून थेंब आणला होता, दोन दिवस बरं वाटलं."

या एका वाक्यात सगळा आजार आला. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, जंतूंचा संसर्ग होऊन पडलेली जखम म्हणजे कॉर्नियल अल्सर. ती भरली तरी मागे पांढरा डाग राहतो. गावाकडे त्याला डोळ्यात फूल पडलं, टिक पडली असं म्हणतात. माझं मत असं की हे फूल पडतं ते बुरशीमुळे जितकं, तितकंच शेत आणि दवाखाना यांच्यामध्ये वाया गेलेल्या दिवसांमुळे. म्हणून हा लेख त्या दिवसांचा आहे. वाचणारे तुम्ही आशाताई असाल, मुकादम असाल, शाळेतले शिक्षक असाल, किंवा पुण्या-मुंबईत नोकरी करत असाल आणि गावाहून "बाबांच्या डोळ्यात काहीतरी गेलंय" असा फोन आला असेल. फोनवरून काय सांगायचं आणि काय अजिबात करू द्यायचं नाही, ते क्रमाने पाहू.

आधी थोडं आकड्यांचं

भारतात 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतल्या अंध व्यक्तींमध्ये बुबुळावरचा पांढरेपणा हे पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं, 37.5 टक्के. यातली सगळी प्रकरणं संसर्गाची नसतात, मार आणि लहानपणचे आजारही त्यात येतात. पण म्हाताऱ्यांना मोतीबिंदू आणि कमावत्या वयाला कॉर्निया, अशी ही सरळ विभागणी आहे. मदुराई जिल्ह्यात 1990 च्या दशकात झालेल्या अभ्यासात दर लाख लोकांमागे वर्षाला 113 जणांना कॉर्नियल अल्सर होत असल्याचं दिसलं. अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या एका काउंटीत हाच आकडा 11 होता. नेपाळच्या भक्तपूरमध्ये तर 799. फक्त बुरशीचा विचार केला तरी जगभरात वर्षाला दहा लाखांहून अधिक लोकांच्या कॉर्नियाला तिचा संसर्ग होतो, असा 2021 सालचा अंदाज आहे, आणि त्यातले बहुसंख्य आशिया-आफ्रिकेतले.

तरीही या आजाराचा गाजावाजा होत नाही. त्याचं एक कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. सरकारी व्याख्येप्रमाणे अंध कोण? ज्याच्या *चांगल्या* डोळ्याने 3/60 पेक्षा कमी दिसतं तो, म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते ज्याला तीन मीटरवरूनही दिसत नाही. पाचट बहुतेक वेळा एकाच डोळ्यात लागतं. एक डोळा कायमचा गेला, पण दुसरा शाबूत, म्हणून हा माणूस अंधांच्या यादीत येतच नाही. अपंगत्वाच्या मोजणीत त्याचे 30 टक्के धरले जातात आणि बहुतेक सवलती सुरू होतात 40 टक्क्यांपासून. कोयता चालवताना अंतराचा अंदाज चुकतो, वाहन चालवण्याचं काम सुटतं, उरलेल्या एका डोळ्यावर आयुष्य निभावावं लागतं, आणि कागदावर त्याला काहीच झालेलं नसतं.

आत काय घडतं

कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर तो पारदर्शक. पण रक्त नाही म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशीही तिथे चटकन पोचत नाहीत. वरचा पातळ थर शाबूत असेपर्यंत बहुतेक जंतूंना आत शिरता येत नाही. पाचटीच्या धारेने, गव्हाच्या कुसळाने, उडालेल्या भुसकटाने तो थर खरचटला की दार उघडलं. जखम स्वच्छ असेल तर हा थर एक-दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत पुन्हा भरून येतो. पण मातीतली आणि वाळलेल्या पानांवरची बुरशी, मुख्यतः फ्युजेरियम आणि अॅस्परजिलस, त्याच धारेबरोबर आत गेली तर जखम वरून शांत दिसते आणि आत धागे पसरत राहतात. बुरशीचं हेच फसवं आहे. पहिले काही दिवस दुखणं सोसण्यासारखं असतं. बॅक्टेरियाच्या अल्सरमध्ये डोळा एका रात्रीत सुजतो, पू येतो, माणूस धावत येतो. बुरशीवाला वाट बघतो.

पहिला तास

चोळायचं नाही. हे सांगायला सोपं आणि पाळायला अवघड आहे, कारण डोळ्यात काही गेलं की हात आपोआप वर जातो. लहान मुलाचे हात सरळ धरून ठेवा.

हात साबणाने धुवा. पिण्याचं स्वच्छ पाणी, उकळून गार केलेलं असेल तर उत्तम, पेल्यात घ्या. ज्या डोळ्यात गेलं आहे त्या बाजूला मान कलती करून नाकाच्या बाजूने कानाकडे पाण्याची बारीक धार सोडा आणि पापण्यांची उघडझाप करायला सांगा. वरच्या पापणीखाली अडकलेला कण बऱ्याचदा एवढ्यानेच निघतो. विहिरीचं, पाटाचं, टाकीत साठलेलं पाणी यासाठी नको. ऊस तोडायच्या फडात स्वच्छ पाणी म्हणजे बहुधा कुणाच्या तरी बाटलीतलं पिण्याचं पाणी. तेच वापरा.

इथे एक अपवाद. चुना, कीटकनाशक, तणनाशक, बॅटरीचं अॅसिड असं काही उडालं असेल तर पाण्याची निवड करत बसू नका. जे बरं पाणी हाताशी असेल त्याने ताबडतोब आणि निदान अर्धा तास डोळा धूत राहा, मगच गाडीत बसा. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबून खेळताना पोरांच्या डोळ्यात चुना उडतो. ही इजा पाचटीपेक्षाही भयंकर असते. चुन्याची पुडी पोरांच्या हाती लागेल अशी ठेवू नका, एवढं सांगून पुढे जातो.

दुसरा अपवाद: काटा, तार, लोखंडाचा तुकडा बुबुळात रुतलेला दिसत असेल तर ना धुवायचं, ना ओढायचं. डोळ्यावर दाब न येता कागदी कपासारखं काहीतरी झाकून थेट दवाखाना.

धुवून झालं की माणसाला सावलीत, खिडकीकडे तोंड करून बसवा. निरोगी बुबुळावर खिडकीचं प्रतिबिंब काचेसारखं स्वच्छ, चौकटीच्या कडांसकट दिसतं. खरचटलेल्या जागी ते फाटतं, धुरकट होतं. मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता कानाच्या बाजूने तिरका धरा आणि दोन्ही डोळे ताडून बघा. मग चांगला डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तारीख वाचायला सांगा. अंधूक दिसतंय, खुपतंय, पाणी थांबत नाही, उजेड सहन होत नाही, यांपैकी एक जरी असेल तर आजच दवाखाना. उलट बाजूने मात्र खात्री देता येत नाही. टॉर्चने काहीच दिसलं नाही म्हणजे जखम नाही, असं नव्हे. दवाखान्यात फ्लुरोसीन नावाचा नारिंगी रंग डोळ्यात लावून निळ्या उजेडात बघतात तेव्हा खरचटलेली जागा हिरवीगार चमकते. ते साध्या डोळ्यांना दिसत नाही.

काय करू द्यायचं नाही

गावोगाव एखादी म्हातारी असते जी जिभेने डोळ्यातला कचरा काढते. तिचा हेतू वाईट नसतो आणि कण कधी कधी निघतोही. पण तोंडातले जंतू थेट उघड्या जखमेवर जातात. मध, एरंडेल, गुलाबपाणी, आईचं दूध, कांद्याचा रस, झाडपाल्याचा रस, गोमूत्र यांतलं काहीही घालू नका. आजीशी वाद घालायला वेळ नसेल तर "डॉक्टरांनी डोळा कोरडाच आणायला सांगितलाय" असं सांगा. वाद तिथेच मिटतो.

डोळ्यावर पट्टी बांधू नका. झाकलेल्या, उबदार, ओलसर जागेत जंतू जोमाने वाढतात. उजेड लागत असेल तर काळा चष्मा किंवा डोक्यावरून पदर, टॉवेल.

आता सगळ्यात मोठं संकट, मेडिकलमधला थेंब. दुकानदार डोळा लाल बघतो आणि लाली घालवणारा थेंब देतो. त्यात बऱ्याचदा अँटिबायोटिकच्या जोडीला स्टिरॉइड असतं. स्टिरॉइडने लाली जाते, दुखणं कमी होतं, आणि तिसऱ्या दिवशी माणूस म्हणतो बरं वाटलं. बरं वाटलं कारण डोळ्याची लढाई थांबवली गेली, जंतू तिथेच आहेत. बुरशी आणि नागिणीच्या जातकुळीतला हर्पिस विषाणू या दोघांना स्टिरॉइड म्हणजे मोकळं रान. आठव्या दिवशी ठिपका दुप्पट झालेला असतो.

म्हणून बाटली वाचायला शिका. नावावर जाऊ नका, खाली बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात. त्यात डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट यांपैकी एखादा शब्द दिसला तर ते स्टिरॉइड आहे. ब्रँडच्या नावाच्या शेपटाला "डी", "डेक्स" किंवा "पी" लागलेलं असलं तरी शंका घ्या. वाचता येत नसेल तर बाटलीचा जवळून फोटो मागवा. शहरात बसलेल्या लेकराला एवढं तर नक्कीच करता येतं. हे थेंब चिठ्ठीशिवाय विकायचे नाहीत असा नियम आहे, तो किती पाळला जातो ते सगळ्यांना माहीत आहे. डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासून स्टिरॉइड दिलं असेल तर गोष्ट वेगळी, मनानेच बंद करू नका. वाईट ते न तपासता घातलेलं स्टिरॉइड.

घरात पडलेली शेजाऱ्याची उरलेली बाटली, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची उरलेली बाटली, दोन्ही कचऱ्यात. ऑपरेशननंतरच्या थेंबात स्टिरॉइड असतंच असं धरून चाला. आणि तपासणीच्या वेळी डॉक्टर जो बधिर करणारा थेंब घालतात तो घरी मागू नका. दुखणं पळतं खरं, पण वारंवार घातला तर तोच कॉर्निया विरघळवतो.

पहिला दिवस

भक्तपूरमध्ये साधारण 35 हजार वस्तीवर दोन वर्षं एक प्रयोग झाला, 2001 साली तो प्रसिद्ध झाला. गावातल्याच स्वयंसेवकांना डोळ्याचं खरचटणं ओळखायला शिकवलं. खरचटलेलं आढळलं की क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकचं 1 टक्का मलम, दिवसातून तीनदा, तीन दिवस. असे 442 जण आले. दुखापतीनंतर 18 तासांच्या आत मलम सुरू झालेल्या 284 जणांपैकी एकालाही अल्सर झाला नाही. 18 ते 24 तासांत आलेल्या 109 पैकी 4 जणांना झाला. आणि 24 ते 48 तासांत आलेल्या 49 पैकी 14 जणांना, म्हणजे सातात दोघांना.

सकाळी दहाला पाचट लागलं तर 18 तास संपतात दुसऱ्या दिवशी पहाटे चारला. व्यवहारात याचा अर्थ एकच, त्याच दिवशी. "आजचा खाडा नको, उद्या बाजारचा दिवस आहे तेव्हा दाखवू" असं म्हणताना हा 4 आणि 14 मधला फरक लक्षात ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात डोळ्याचे डॉक्टर नसतील, पण तिथले डॉक्टर डोळा बघून अँटिबायोटिक मलम देऊ शकतात. अँटिबायोटिक घ्या, पण साधं, स्टिरॉइड नसलेलं. आणि दुसऱ्या दिवशी परत दाखवा. चोवीस तासांत फरक नसेल, किंवा बुबुळावर पांढरं दिसू लागलं असेल, तर ते खरचटणं राहिलेलं नाही. मलमाचा काळ संपला.

कुठे न्यायचं आणि काय विचारायचं

पांढरा ठिपका दिसला की तालुक्याला एक, जिल्ह्याला दुसरा, मग तिसरा असे दवाखाने पालथे घालू नका. जिथे ठिपका खरवडून तपासण्याची सोय आहे तिथेच जा: जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय, मोठं नेत्र रुग्णालय. आधी फोन करून एवढंच विचारा, "कॉर्नियल अल्सरचं स्क्रेपिंग तुमच्याकडे होतं का?" उत्तर नाही असेल तर वाचलेला दिवस पदरात.

तपासणी भीती वाटावी अशी नाही. डोळा बधिर करून बारीक पात्याने जखमेच्या कडेवरून किंचित खरवडतात. काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की बुरशीचे धागे त्याच बैठकीत दिसू शकतात. बाकीचं कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघायला जातं. बॅक्टेरिया एक-दोन दिवसांत उगवतात, बुरशीला आठवडा किंवा जास्तही लागू शकतो. नुसतं बघून बुरशी की बॅक्टेरिया हे अनुभवी डॉक्टरही चुकू शकतात. पिसाऱ्यासारख्या कडा, कोरडा पृष्ठभाग, मुख्य ठिपक्याभोवती छोटे ठिपके हे बुरशीकडे बोट दाखवतात, पण पुरावा काचपट्टीवरचाच.

जाताना आतापर्यंत घातलेले सगळे थेंब पिशवीत घालून न्या, रिकामी बाटलीसुद्धा. काय लागलं, कधी लागलं, मधुमेह आहे का, पूर्वी याच डोळ्याला असं झालं होतं का, हे सांगा. जिभेने कचरा काढून घेतला असेल तर तेही सांगा. रागावतील म्हणून लोक लपवतात, आणि नेमका तोच दुवा निसटतो.

घरी थेंब घालणं

उपचार कागदावर सोपा आहे. बुरशी असेल तर नॅटामायसिन 5 टक्के, सुरुवातीला जागेपणी दर तासाला एक थेंब. बॅक्टेरिया असेल तर अँटिबायोटिक थेंब दर तासाला, पहिले दोन दिवस रात्रीसुद्धा. वेळापत्रक डॉक्टरच ठरवतील, पण ते पाळायचं कोणी, हा खरा प्रश्न आहे.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाचा डोळा गेला की दोघांची मजुरी बुडते, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल डोक्यावर असते. कोपीत लाइट नाही, स्वच्छ कोपरा नाही, दर तासाला थेंब घालणारं माणूस फडात गेलेलं. अशा घरातल्या पेशंटला "औषध नीट घाला" असं सांगून परत पाठवणं म्हणजे डोळा घालवणं. अशांनी भरती करून घ्या असं स्वतःहून म्हणावं, पहिले चार-पाच दिवस तरी. सरकारी रुग्णालयात यासाठी भांडायची वेळ आली तर भांडावं.

घरीच करणार असाल तर पद्धत अशी. वहीच्या पानावर तासांचे चौकोन आखा, थेंब पडला की खूण करा, मोबाइलला तासाचा गजर लावा. थेंब घालणाऱ्याने दर वेळी हात धुवायचे. पेशंटला उताणं झोपवा किंवा मान मागे करून बसवा. खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढली की जी खाच होते तिच्यात एकच थेंब. बाटलीचं टोक पापणीला, बोटाला, कशालाच लागू द्यायचं नाही. एकाऐवजी चार थेंब घातल्याने चारपट गुण येत नाही, डोळ्यात मावतो एकच, बाकीचे गालावर. थेंब पडल्यावर डोळा हलका मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर मिनिटभर बोट दाबून ठेवा. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुवून काढतो.

नॅटामायसिन पांढरं, गढूळ असतं. प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवली नाही तर औषध तळाला आणि डोळ्यात नुसतं पाणी. त्याचा पांढरा साका पापणीच्या कडेला आणि जखमेवरही जमतो. घरचे घाबरतात की पू झाला. पू नाही, औषध आहे. मात्र दुखणं वाढून डोळा चिकटू लागला तर दाखवायला जा. बाटली संपायच्या दोन दिवस आधी दुसरी आणा, हा थेंब प्रत्येक तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळेलच असं नाही.

महागडं नवं औषध द्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. मदुराई आणि इतर ठिकाणच्या अरविंद नेत्र रुग्णालयांमध्ये नॅटामायसिन आणि व्होरिकोनॅझोल यांची समोरासमोर तुलना झाली, 2013 साली निकाल आले. जुनं नॅटामायसिनच सरस ठरलं, विशेषतः फ्युजेरियमवर. 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

सोबत बाहुली मोठी करणारा एक थेंब असतो, अॅट्रोपिन किंवा होमॅट्रोपिन. त्याने कळ कमी होते, पण दिसायला आणखी धूसर होतं. ते औषधाचं आहे, आजार वाढल्याचं नाही. ही बाटली पोरांपासून उंच ठेवा, पोटात गेली तर विषबाधा होते.

बुरशीचा अल्सर आठवड्यात बरा होत नाही. महिना, दीड महिना, कधी त्याहून जास्त. दहाव्या दिवशी दुखणं थांबतं आणि माणूस कामावर जातो, तिथे पुन्हा उलटतं. सुधारणा ओळखायची ती अशी: उजेड सहन होऊ लागतो, कळ कमी होते, ठिपक्याच्या पसरट कडा आखीव आणि आटलेल्या दिसतात. दर दोन-तीन दिवसांनी त्याच खिडकीशी, त्याच कोनातून फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना दहा प्रश्नांपेक्षा त्या फोटोंचा जास्त उपयोग होतो.

एक लक्षण पाठ करून ठेवा. डोळ्यातून अचानक गरम पाणी ओघळलं आणि कळ एकाएकी थांबली, तर हायसं वाटून घेऊ नका. कॉर्नियाला भोक पडलेलं असू शकतं. दाबू नका, धुवू नका, झाकून त्याच तासाला निघा. भोक लहान असेल तर डॉक्टर विशिष्ट गोंदाने ते बुजवू शकतात, मोठं असेल तर दान मिळालेला कॉर्निया बसवावा लागतो.

कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांसाठी

शहरातल्या वाचकांचा अल्सर इथून येतो. लेन्स घालून झोपू नका, नळाचं पाणी लेन्सला लागू देऊ नका, पोहताना आणि अंघोळीला काढून ठेवा, कालच्या सोल्युशनमध्ये आजचं भरू नका. स्यूडोमोनास नावाचा बॅक्टेरिया एक-दोन दिवसांत कॉर्निया वितळवू शकतो. पाण्यातला अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव सावकाश पण महिनोनमहिने छळतो, आणि दिसण्याच्या मानाने दुखणं अतोनात असतं. डोळा लाल झाला की लेन्स काढा आणि फेकू नका. लेन्स आणि डबी दवाखान्यात न्या, तिच्यातूनही जंतू शोधता येतात.

गावाने, टोळीने काय करावं

भक्तपूरचे आकडे वाचून वाटतं की गावोगाव मलम वाटलं की काम झालं. तसं नाही. नेपाळमध्येच नंतर गावपातळीच्या कार्यकर्त्यांची मोठी तुलनात्मक चाचणी झाली. 2022 साली तिचे निकाल आले, आणि कार्यकर्ते असलेल्या भागात अल्सर कमी झाल्याचं दिसलं नाही. म्हणजे मलम हाती असून भागत नाही, खरचटलेला माणूस त्याच दिवशी त्या कार्यकर्त्यापर्यंत यायला हवा. भारताने खुपरी (ट्रॅकोमा) हा डोळ्यांचा आजार हटवल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2024 मध्ये मान्य केलं, पण तिथे शत्रू एकच जंतू होता. इथे जंतू पाच-पंचवीस आणि वेळ चोवीस तास.

म्हणून माझा भर साध्या गोष्टींवर. टोळी निघायच्या आधी मुकादमाच्या फोनमध्ये कारखान्याजवळच्या नेत्र रुग्णालयाचा नंबर हवा. पेटीत टॉर्च आणि पिण्याच्या पाण्याची बंद बाटली. डोळ्याला लागल्यास त्या दिवसाचा खाडा कापायचा नाही, एवढी बोली टोळीत आधीच झाली तर तिचा उपयोग शिबिरांतल्या भाषणांपेक्षा जास्त होईल. आशाताईंनी हंगामाच्या सुरुवातीला गावातल्या मेडिकलवाल्याशी एकदा बोलावं: बुबुळाला लागलेला माणूस आला तर लाली घालवणारा थेंब न देता दवाखान्याचा रस्ता दाखवा. गावातला माणूस आहे, ऐकतो.

आणि चष्मे. शिबिरात वाटलेले प्लास्टिकचे चष्मे खुंटीला लटकलेले मी पाहिलेत, कारण घामाने त्यांवर वाफ धरते आणि पहाटेच्या अंधारात त्यांतून दिसत नाही. दिवसभर घाला म्हटलं तर कोणीच घालणार नाही. मळणीयंत्राच्या तोंडाशी पेंढ्या सोडणारा, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढणारा, वाळलेलं पाचट काढणारा, ग्राइंडर चालवणारा, एवढ्यांनी तेवढा वेळ तरी घालावा. कडेने हवा खेळती राहील असा, बाजूने झाकलेला, पॉलिकार्बोनेटचा घ्या. ज्याचा एक डोळा आधीच गेला आहे त्याने मात्र सबब सांगू नये, दिवसभर घालावा.

जखम भरल्यावर

डाग मधोमध असेल तर नजर अधू होते, कडेला असेल तर फारसा फरक पडत नाही. संसर्ग पूर्ण शमून काही महिने गेल्यावर चष्म्याने, विशिष्ट कॉन्टॅक्ट लेन्सने किती सुधारतं ते तपासून घ्या. त्यानंतर कॉर्नियाचं प्रत्यारोपण. पेटलेल्या डोळ्यात डोळा वाचवण्यासाठी केलेल्या प्रत्यारोपणापेक्षा शांत झालेल्या डोळ्यातलं जास्त टिकतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. दुसरा डोळाही कमजोर असेल तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र जरूर काढा, टक्के वाढतात.

प्रत्यारोपणासाठी कॉर्निया मरणोत्तर नेत्रदानातूनच मिळतो. घरात मृत्यू झाला तर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवायचं असतं. मृत व्यक्तीने फॉर्म भरलेला नसला तरी घरच्यांची संमती पुरते. पथक येईपर्यंत पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, डोकं उशीवर थोडं उंच करा. काढायला वीसेक मिनिटं लागतात, चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा असलेल्यांचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांचे, मधुमेह असलेल्यांचेही डोळे चालतात. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज असेल तर चालत नाहीत, ते पथकाला आधीच सांगा.